घरगाड्यांचा हैदर मिस्त्री

केजच्या बसस्टँडसमोरचा रस्ता रुंद झाला त्या साली हैदर मिस्त्रीचं दुकान गेलं. दुकान म्हणजे तरी काय, पत्र्याचा आडोसा, एक बाकडं, भिंतीला टांगलेली वायरींची वेटोळी आणि वर 'ऑटो इलेक्ट्रिक' अशी पाटी. पण त्या बाकड्यानं त्याला इतकी वर्षं माणसांत ठेवलं होतं. ट्रॅक्टरचा दिवा लागत नाही, जीपचा सेल्फ मारत नाही, ट्रकचा हॉर्न आपोआप वाजतो, असली रडगाणी घेऊन माणसं यायची, गाडी होईस्तोवर बसायची, चहा प्यायची, गावभरच्या गोष्टी सांगायची. दुकान गेलं तसं ते बसणं गेलं. शेजारचे दुकानदार तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहिले. हैदरनं पाटी उतरवली, माळ्यावर टाकली आणि मोटारसायकलच्या मागं हत्यारांची लोखंडी पेटी बांधली.

"गाड्या माझ्याकडं येईनात, तर मी गाड्यांकडं जातो," एवढंच तो म्हणाला.

पण रस्त्यावरचं काम एकट्याचं. कुठंतरी बांधावर ट्रॅक्टर उभा असायचा, ड्रायव्हर किल्ली हातात देऊन जेवायला जायचा, आणि हैदर बॉनेटमध्ये डोकं घालून स्वतःशीच बोलायचा. काम झालं की फोन करायचा, किल्ली सीटखाली ठेवायचा, निघायचा. घरी आलं तरी तेच. बायको अमीरबी किडनीच्या आजारानं आदल्याच वर्षी गेली होती. एकुलती एक लेक आरजू लातूरला नांदत होती. भात त्याला जमायचा, पण एकट्यापुरता कधी जमला नाही. नेहमी जास्त व्हायचा, आणि उरलेला शेजारच्या शेळीला जायचा. बाहेर पडताना तो पुढच्या खोलीतला दिवा मुद्दाम चालू ठेवायचा. इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या माणसानं भर दिवसा दिवा जाळावा, याचं शेजाऱ्यांना हसू यायचं. परत येताना खिडकीत उजेड दिसावा, एवढंच त्याला पाहिजे होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

घरगाड्यांचा नाद त्याला मांजरसुंब्याच्या घाटात लागला. पुण्याचं एक जोडपं घाटाच्या कडेला गाडी लावून बसलं होतं. गाडीच्या पोटात पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, पाण्याची मोटार, टपावर सोलरची पाटी. असलं काही हैदरनं आधी पाहिलं नव्हतं. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची बॅटरी वेगळी, आणि दोन्हींच्या मधे एक डबी, जी गाडी चालू असताना घराला करंट देते. त्या गाडीच्या मालकानंच त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि मग दोघांनी मिळून जळालेली वायर शोधून काढली. त्या माणसानं जाता जाता हैदरचा नंबर आपल्यासारख्या फिरस्त्यांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून कुणी नायगावचे मोर बघायला येई, कुणी सौताड्याचा धबधबा, कुणी अंबाजोगाईच्या देवीला. आणि गाडीतला दिवा गेला की केजला फोन लागे. हैदर त्यांना घरगाड्या म्हणायचा. चपला बाहेर काढून आत जायचा. लोकांची अंथरुणं, देवाचे फोटो, दांडीवर वाळत टाकलेले टॉवेल, सगळं हातानं बाजूला सारून वायरीपर्यंत पोचायचं, ते पुन्हा जागच्या जागी ठेवायचं. लोकांच्या घरात इतकं आतवर जायचं आणि तासाभरात बाहेर पडायचं. ते घर मग चाकांवर निघून जायचं, आणि तो माणूस पुन्हा दिसायचा नाही.

सुंदरराव मात्र पुन्हा पुन्हा दिसले.

पहिला फोन आला तो पालीहून. बिंदुसरेच्या धरणाजवळ मोकळ्या माळावर एक पांढरी लांबलचक गाडी उभी होती. कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी जुनी गाडी घेऊन तिचं घर केलेलं दिसत होतं. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, दारात पायपुसणं, बाहेर घडीची खुर्ची आणि खुर्चीत पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा.

"केजचे मिस्त्री का?"

"हाव."

"मी सुंदरराव. एसटीत डायवर होतो. गाडी चालू हाय बगा, पण घर बंद पडलंय."

हैदर आत शिरला. पलंगाखाली बॅटरी होती. वाटेतल्या खड्ड्यांनी बॉडीला जोडलेल्या अर्थच्या वायरीचा नट ढिला पडला होता, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर चढला होता. काम सोपं होतं. त्यानं थर खरवडला, नट आवळला, आणि गाडीतला पंखा फिरायला लागला.

"लई झालं," सुंदरराव म्हणाले. "आता चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

चहा त्यांनी स्वतः केला. आलं ठेचून घातलं, कप विसळून पुसून ठेवले. एसटीची नोकरी लागली तेव्हापासून मुक्कामी गाडी त्यांच्या वाट्याला जास्त आली होती. म्हणजे शेवटची फेरी घेऊन कुठल्यातरी आडगावात जायचं, गाडी पारापाशी लावायची, सीटवर अंग टाकायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. "घरात झोप लागत न्हाई मला," ते म्हणाले. "छत उंच वाटतं. गाडीत कसं, हात वर केला की छप्पर लागतं. बरं वाटतं."

"अन् वहिनी?"

"ती पुण्यात. पोराकडं." त्यांनी हैदरचा कप पुन्हा भरला. "गाडी तिच्यासाठीच बांधली होती. पडदे तिनंच शिवलेत. एकदा आलती. बीडपर्यंत आली, अन् स्टँडवर उतरून पुण्याची एसटी धरली."

हैदरनं पुढं काही विचारलं नाही. पण त्या दिवशी तो उन्हं कलेस्तोवर बसला. कळंबचा घाट, धारूरचा घाट, पाटोद्याकडची वळणं, कुठल्या गावात कुठल्या आळीत गाडी वळत नाही, कुठल्या स्टँडवर कोण कंडक्टर भांडला, असल्या गोष्टी सुंदरराव सांगत होते. हैदरही आपलं दुकान, अमीरबी, आरजू, सगळं सांगून बसला. मोटारसायकलला किक मारताना त्याच्या लक्षात आलं की आज आपला घसा दुखतोय. इतकं बोलायची सवयच गेली होती.

दुसरा फोन थोड्याच दिवसांनी आला. पाण्याची मोटार बंद. पलंगाच्या कडेला घासून वायर सोलली होती आणि शॉट झाला होता. हैदरनं वायरीवर रबरी नळी चढवली. तिसऱ्या फोनला फ्रीज बंद होता, आणि चौथ्याला पुन्हा सगळंच घर. दर खेपेला सुंदरराव खुर्ची झटकून ठेवायचे. दुसरी खुर्चीही आता आली होती. एकदा त्यांनी कुठूनशी बोंबील-भाकर मागवून ठेवली, एकदा हैदरला जुम्म्याची नमाज चुकू नये म्हणून काम अर्ध्यावर थांबवलं, त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून बीडच्या मशिदीपर्यंत आले आणि बाहेर थांबून राहिले.

पण हैदर मिस्त्री होता. तिसऱ्या खेपेला फ्रीजचा फ्यूज जळाला नव्हता, खाचेतून अर्धवट वर आलेला होता. त्यानं तो दाबून बसवला आणि मनात म्हणाला, खड्ड्यांनी निघाला असेल. चौथ्या खेपेला मुख्य फ्यूज खाचेबाहेर पलंगाखालच्या पत्र्यावर पडलेला सापडला. गाडी तर त्या माळावरून हललीही नव्हती. टायरांखालचं गवत पिवळं पडलं होतं, चाकांभोवती मुंग्यांनी माती काढली होती. उभ्या गाडीतला फ्यूज आपल्या पायानं चालत बाहेर येत नाही. हैदरनं तो हातात धरला, बाहेर पाहिलं. सुंदरराव पाठमोरे उभे राहून आलं ठेचत होते. हैदरनं फ्यूज बसवला, टेस्ट लॅम्प लावून उगाच दोन-चार वायरी तपासल्यासारखं केलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, "झालं. जरा ढिला होता."

"तरीच," सुंदरराव म्हणाले आणि चहा ओतला.

हैदरला राग आला नव्हता. उलट घरी जाताना नेकनूरच्या चढावर त्याला हसू आलं. आपल्याला कुणी असं फसवून बोलावतं, ही गोष्ट त्याला मनातून आवडली होती.

मग आरजू केजला आली तो दिवस उजाडला. हैदरच्या चुलतभावाच्या घरी लग्न होतं. आरजू सासरच्या मंडळींबरोबर लातूरहून सकाळी येणार, जेवणं झाली की दुपारच्याला परतणार, असं ठरलं होतं. तिचा लहानगा आता बोलायला लागला होता आणि हैदरनं त्याला फोनमध्येच पाहिलं होतं. त्यानं आदल्या दिवशी घर झाडून काढलं, अमीरबीची चादर ट्रंकेतून काढून पलंगावर घातली. सकाळी तो शेव-बुंदी आणायला निघाला, आणि फोन वाजला.

"हैदरभाई, सगळंच गेलं बगा. पंखा न्हाई, पाणी न्हाई. मला काल रातपासून गरगरतंय. येता का जरा?"

हैदर रस्त्याच्या कडेला थांबला. फ्यूज असणार, हे त्याला ठाऊक होतं. पण आवाजात काहीतरी वेगळं होतं, आणि गरगरतंय म्हणाले होते. जाऊन यायचं, हातासरशी दाबायचं, जेवणाच्या वेळेला परत. त्यानं आरजूला फोन करून सांगितलं, "एक काम हाय, आलोच." ती म्हणाली, "अब्बा, आजच्या दिवस तरी." तो म्हणाला, "आलोच."

पालीला पोचला तर सुंदरराव खुर्चीत बसले होते. चेहरा ओढलेला होता, पण चहाचं आधण चढलेलं होतं. फ्यूज पलंगाखाली पत्र्यावर पडला होता. हैदरनं तो बसवला. निघतो म्हणाला. सुंदरराव म्हणाले, "बसा की घटकाभर." त्यांना बरं नाही, हे दिसत होतं, म्हणून तो बसला. डॉक्टरकडं चला म्हणाला, ते नको म्हणाले. बोलण्यात किती वेळ गेला ते कळलं नाही. परत येताना मांजरसुंब्याला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवून धरला होता. तो केजला पोचला तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. चुलतभाऊ म्हणाला, "लई वाट पाहिली पोरीनं. जीप उभी होती, सासरा घाई करू लागला."

घरी पलंगावरची चादर जशीच्या तशी होती. हैदर तिच्यावर बसला नाही. खाली भिंतीला टेकून बसला.

पुढचा फोन आला तेव्हा हैदर लगेच निघाला, आणि सबंध रस्ताभर मनात घोकत गेला. माळावर पोचून तो थेट पलंगाखाली वाकला, पत्र्यावरचा फ्यूज उचलला आणि बाहेर येऊन सुंदररावांसमोर धरला.

"डायवरसाहेब, हे आपोआप निघत न्हाई."

सुंदररावांनी हातातला कप खाली ठेवला.

"कवाचं ठाऊक हाय मला. मी बोललो न्हाई. पण त्या दिवशी माझी लेक आलती. नातू आलता. दोन तासांसाठी. मी हिकडं तुमचा चहा पीत बसलो, अन् ती वाट बघून गेली. कावून करता असं? तुमाला टाईम जात न्हाई, म्हणून दुसऱ्याचा टाईम घ्यायचा?"

सगळं बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज चढला होता. सुंदररावांनी हात पुढं केला, फ्यूज घेतला, खिशात टाकला. मग वाकून शेगडी बंद केली. पातेल्यातला चहा उकळता उकळता खाली बसला.

"बरं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

एवढं म्हणून ते गाडीत गेले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. हैदर थोडा वेळ दोन खुर्च्यांच्या मधे उभा राहिला. मग पेटी बांधून निघाला.

खरं तर लग्नाच्या दिवशी केजला थांबायचं की पालीला जायचं, हे त्याचं त्यानं ठरवलं होतं. फ्यूज असणार हे ठाऊक असून तो गेला होता, आणि गेल्यावर बसलाही होता. हे त्याला नेकनूरच्या अलीकडंच कळलं. तो थांबला. परत फिरावं असं मनात आलं. पण आत्ताच इतकं बोलून आलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं परत जायचं, असं वाटून त्यानं गाडी तशीच पुढं काढली. उद्या जाऊ.

दुसऱ्या दिवशी माळ रिकामा होता. चाकांच्या जागी चार पिवळे चौकोन आणि शेगडी ठेवायचे दोन दगड. धरणाच्या रस्त्यावर भामाबाईचं चहाचं हॉटेल होतं. तिनं सांगितलं, "म्हातारबाबा सकाळीच गेले. तेलगावला बहीण हाय म्हणाले. लई दिवस ऱ्हायले, आता जातो म्हणाले." हैदरनं फोन लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद, आठवड्यानंही बंद.

तेलगाव काही परदेश नव्हता. धारूरवरून घाट उतरला की तेलगाव. पण हैदर गेला नाही. एकदा वाटायचं, आपण कोण त्यांचे? गाडीचा मिस्त्री. एकदा वाटायचं, ते आपल्याला दारात उभं करणार नाहीत. फोन वाजला की तो हातातलं काम टाकून आधी नाव बघायचा. ट्रॅक्टरवाले असायचे, हार्वेस्टरवाले असायचे. एकदा सौताड्याला एक घरगाडी होती, तिच्या मालकाची मुलंबाळं भोवती नाचत होती आणि त्यानं चहाला नको म्हटलं. शुक्रवारी आरजूचा फोन यायचा. त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नव्हती. "जेवलात का अब्बा?" विचारायची. जेवलो म्हणायचा. तेवढ्यावर बोलणं संपायचं.

शेवटी कामच त्याला तिकडं घेऊन गेलं. धारूरला एका जेसीबीचं वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं. ते होईस्तोवर दुपार झाली. केजचा रस्ता डावीकडं जात होता. हैदर उभा राहिला, आणि उजवीकडं घाटात उतरला.

तेलगावात विचारत विचारत तो एका वस्तीवर पोचला. कापसाच्या रानाच्या कडेला बाभळीखाली पांढरी गाडी उभी होती. पडद्यांचा रंग धुळीनं उतरला होता. हैदर जवळ गेला, दार वाजवलं. आतून कुणी बोललं नाही. वस्तीवरून एक तरणा माणूस आला. तो सुंदररावांचा भाचा अंगद.

"तुमी केजचे मिस्त्री का?" त्यानं विचारलं. "मामानं सांगितलं होतं तुमचं. मामाला लकवा मारला हो. परवा सकाळी गाडीतच पडले. अंबाजोगाईला ठेवलंय."

"लाईट होती का गाडीत?" हैदरच्या तोंडून निघून गेलं. आपण हे का विचारलं, ते त्याला कळलं नाही.

"होती की. पंखा चालू होता," अंगद म्हणाला.

हैदर तसाच अंबाजोगाईला गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीजवळ सतरंजी टाकून एक बाई बसल्या होत्या. काठापदराचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर स्टीलचा डबा. त्यांनी हैदरकडं, त्याच्या काळ्या पडलेल्या बोटांकडं बघितलं आणि त्याच म्हणाल्या, "हैदरभाऊ ना तुमी? मी चंद्रभागा. बसा."

तो सतरंजीच्या कडेला बसला.

"आत सोडत न्हाईत आता. चार वाजता सोडतील," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू गेलीया. बोलायला बी येत न्हाई नीट. वळखतात मातर."

"वहिनी, मी त्यांना बोललो होतो. रागानं."

"सांगितलं त्यांनी. फोन केलता मला त्या दिवशी. म्हणाले, मिस्त्रीचं लेकरू माझ्यापायी भेटलं न्हाई." त्या डब्याचं झाकण उगाच दाबत राहिल्या. "लई दिवसांनी फोन केलता. फोनवर असं कधी बोलत न्हाईत ते. एक विचारू का? तुमच्यापाशी काय बोलायचे?"

"रस्त्यांचं. घाटांचं. मुक्कामी गाडीचं. कुणी कंडक्टर होता, तो झोपेत बेल मारायचा, ते." हैदरला आठवून हसू आलं आणि लगेच गेलं. "लई बोलायचे."

चंद्रभागाबाईंनी डबा मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "घरी एक शब्द बोलायचे न्हाईत. आले, जेवले, निजले. जन्मभर तसंच. मी म्हणायची, ड्युटीनं थकतात. मला त्या झोपेत बेल मारणाऱ्याचं आज कळतंय तुमच्याकडून."

सतरंजीची कड सारखी करत त्याच पुढं बोलल्या. "रिटायर झाले तवा मला वाटलं, आता मानूस घरात बसंल. तर त्यांनी ती गाडी आणली. म्हणाले, चल, तुला फिरवतो. मी पडदे शिवले, हौसेनं शिवले. पण मला न्हाई जमलं भाऊ. न्हानीला आडोसा न्हाई, रातभर कुत्री. मला मानूस घरात पायजे होतं, अन् त्यांना मी रस्त्यावर पायजे होते. दोघं बी आपापल्या जागी बसून ऱ्हायलो."

चार वाजता त्यांना आत सोडलं. सुंदररावांच्या मिशा कुणीतरी कापल्या होत्या, त्यामुळं चेहरा अनोळखी दिसत होता. त्यांनी हैदरला पाहिलं. तोंड हललं, डाव्या हाताची बोटं चादरीवर वळवळली. काहीतरी म्हणत होते. हैदर वाकला. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर एकच शब्द हाती लागला. गाडी.

"हाय," हैदर म्हणाला. "तेलगावातच हाय. मी बघून आलो. मी बघतो तिच्याकडं, तुमी काळजी करू नका."

त्यानं तो डावा हात धरला आणि चंद्रभागाबाई डब्यातली पेज भरवीपर्यंत धरून ठेवला.

मुलगा पुण्याहून आला आणि दोघांना घेऊन गेला. गाडी विकून टाकू, असं तो म्हणत होता. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "असू दे अजून." अंगदला गाडीतलं काही कळत नव्हतं, त्यानं किल्ली हैदरच्या हातात दिली.

उभ्या गाडीची बॅटरी मरते. सोलरनं घराची बॅटरी टिकते, पण पाटीवर धूळ बसली की तीही उतरते. इंजिनाची तर चालवल्याशिवाय राहतच नाही. म्हणून हैदर अधूनमधून तेलगावला जायचा. टपावर चढून पाटी ओल्या फडक्यानं पुसायचा, उंदरांसाठी बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या टाकायचा, इंजिन चालू करून बसायचा. एकदा त्यानं पडदे काढून अंगदच्या आईकडून धुऊन घेतले आणि परत लावले. पुण्याला फोन करायचा. चंद्रभागाबाई फोन सुंदररावांच्या कानाला लावायच्या. पलीकडून श्वास ऐकू यायचा, क्वचित एखादा हुंकार. हैदर रस्त्यांचं सांगायचा. धारूरच्या घाटात दरड पडलीय, वळणावर नवीन कठडा बांधलाय, पाटोद्याकडचा पूल रुंद केलाय. पाच-दहा मिनिटं एकटाच बोलायचा. मग चंद्रभागाबाई म्हणायच्या, "निजले." कधी त्या लगेच फोन ठेवायच्या नाहीत. "कोणता पूल म्हणालात?" असं विचारायच्या, आणि तो पुन्हा सांगायचा.

थंडी ओसरता ओसरता सुंदरराव गेले. फोन मुलाचा आला. हैदर तेव्हा उसाच्या फडात हार्वेस्टरखाली पडून होता. त्यानं ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला, आणि हातातलं काम पुरं केलं. मग कालव्याच्या कडेला जाऊन हात धुतले, आणि बराच वेळ पाण्यापाशी बसून राहिला. त्या मशीनचा चालक दोनदा हाक मारून गेला.

गाडी अजून तेलगावात बाभळीखालीच आहे. मुलाला वेळ नाही, आणि चंद्रभागाबाई विकायला हो म्हणत नाहीत. हैदर जातो. परवाच्या शुक्रवारी तो तिथं होता. इंजिन चालू करून, दार उघडं टाकून पलंगाच्या कडेला बसला होता. रानात कापूस वेचणाऱ्या बाया बोलत होत्या, त्यांचं बोलणं वाऱ्यानं तुटक तुटक येत होतं. आरजूचा फोन आला.

"जेवलात का अब्बा?"

"न्हाई अजून."

नेहमी तो जेवलो म्हणायचा. "कावून? कुठं हाव तुमी?"

हैदरनं तिला सांगितलं. गाडीचं सांगितलं, सुंदररावांचं सांगितलं, आणि लग्नाच्या दिवशी आपण कुठं बसलो होतो तेही सांगितलं. सांगायला वेळ लागला. पलीकडं तिचं पोर भांडं आपटत होतं.

"मला वाटलं होतं, कामाचा नाद," ती म्हणाली. "अम्मी बी म्हणायची, तुमच्या अब्बाला गाड्या दिसल्या की लेकरं दिसत न्हाईत."

"म्हणायची का?"

"लई म्हणायची."

हे हैदरला ठाऊक नव्हतं. अमीरबीनं त्याला कधी तोंडावर म्हटलं नव्हतं. तो इंजिनाचा आवाज ऐकत बसला.

"पुढच्या जुम्म्याला लातूरला या," आरजू म्हणाली. "पेटी घरी ठेवून या."

"बघतो."

"बघतो न्हाई. या."

"येतो," हैदर म्हणाला. त्यानं फोन ठेवला. मग इंजिन बंद केलं, खिडक्या एकेक लावून घेतल्या, दार ओढलं आणि किल्ली खिशात टाकली. बाया वेचणी आटोपून वस्तीकडं निघाल्या होत्या. घाटात उन्हं शिल्लक होती तोवर त्याला वर चढायचं होतं.